इंडेक्स कुणाचा?

भारतातल्या मित्रमंडळींशी बोलताना इंटरनेटवरच्या शोधाबद्दल हल्ली दोन मतं ऐकू येतात. एक मत म्हणतं, सर्च इंजिनचे दिवस भरले. हवं ते एआयला विचारा, लिंका उघडत बसायची गरजच काय? दुसरं मत स्वदेशीचं: मेल, नकाशे, ब्राउझर आपले होताहेत, तर सर्च इंजिनही आपलं हवं. मी जर्मनीत राहते. इथेही या विषयावर भरपूर बोललं जातं, पण वादाचा रोख वेगळा असतो. दोन्हीकडचं ऐकल्यावर मला वाटतं, आपल्याकडच्या दोन्ही मतांच्या हातून मूळ प्रश्न निसटतोय: सर्च इंजिन ज्यात शोधतं ती वेबपानांची नोंदवही, म्हणजे इंडेक्स, कुणाच्या हाती आहे?

शोधाचा दर्जा घसरलाय ही बहुतेकांची भावना आहे, आणि तिला आधारही आहे. लायपझिग आणि वायमार इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी वस्तूंच्या परीक्षणांबद्दलचे ७,३९२ शोध वर्षभर गूगल, मायक्रोसॉफ्टचं बिंग आणि डकडकगो या सर्च इंजिनांवर तपासले. २०२४ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. कमिशनवर चालणाऱ्या, म्हणजे अफिलिएट लिंका देणाऱ्या परीक्षणांचं वेबवर एकूण प्रमाण थोडं आहे. शोधाच्या निकालांत मात्र त्यांचाच भरणा. वर दिसणारी पानं जास्त एसईओ केलेली, म्हणजे शोधात वर येण्यासाठीच घडवलेली, जास्त कमाईच्या मागे लागलेली, आणि मजकूर सुमार. कंपन्या अधूनमधून नियम बदलतात, कचरा थोडा कमी होतो, मग पुन्हा साचतो. हा अभ्यास वस्तूंच्या परीक्षणांपुरताच होता. पण मला जे रोज दिसतं, ते याच्याशी जुळतं.

इथे नव्याने आलेल्या मराठी मुलामुलींना मी सरकारी कामांत मदत करते. त्यांना पत्त्याची नोंदणी करायची असते, व्हिसाची मुदत वाढवायची असते. तोच प्रश्न जर्मनमध्ये टाकला तर नगरपालिकेचं किंवा मंत्रालयाचं पान बहुधा वरच सापडतं. इंग्रजीत टाकला तर आधी जाहिराती, मग फुकट मिळणारा फॉर्म पैसे घेऊन भरून देणाऱ्यांची पानं, आणि मूळ सरकारी पान बरंच खाली. त्यांतली काही पानं इतकी सरकारी थाटाची असतात की नवखा माणूस हमखास फसतो. मराठीत टाकला तर यंत्राने भाषांतर केलेलं काहीतरी, किंवा नुसते व्हिडिओ. माणूस तोच, प्रश्न तोच, शोधयंत्रही तेच. मग दर्जा घसरला असं आपण म्हणतो, तो सगळ्यांसाठी सारखा घसरलेला नाही. ज्या भाषेत सार्वजनिक संस्था नेटाने, नीट, उघड्या पानांवर लिहितात, त्या भाषेतला शोध अजून बरा आहे.

हे असं होणार, याची कल्पना खुद्द गूगलच्या संस्थापकांनाही होती. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्डमध्ये असताना लिहिलेल्या शोधनिबंधात म्हटलं होतं, की जाहिरातींवर जगणारं सर्च इंजिन जाहिरातदारांकडे झुकणार आणि वापरणाऱ्याच्या गरजेपासून दूर जाणार. नंतर कंपनी त्याच वाटेने गेली. सफारी ब्राउझरमध्ये आपलंच सर्च इंजिन आधीपासून बसवलेलं असावं म्हणून तिने एकट्या २०२२ या वर्षात ॲपलला २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने बेकायदेशीर मार्गांनी मक्तेदारी टिकवली असा निकाल दिला. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात त्यांनी क्रोम विकायला लावलं नाही, मात्र इंडेक्समधली आणि वापराची काही माहिती पात्र स्पर्धकांना द्यायला सांगितलं.

सगळ्या गोष्टीची मेख इथे आहे. वेबवरची अब्जावधी पानं फिरून वाचायची, त्यांची नोंद ठेवायची आणि ती सतत ताजी ठेवायची, हे काम अफाट खर्चाचं आहे. पाश्चात्त्य जगात ते मोठ्या प्रमाणावर गूगल आणि मायक्रोसॉफ्टच करतात. ब्रेव्ह, मोजीक असे अपवाद लहान आहेत. डकडकगोचे बरेचसे निकाल बिंगकडून येतात. बर्लिनचं सर्च इंजिन इकोसियाही वर्षानुवर्षं बिंग आणि गूगलवर विसंबून राहिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने बिंगचा सर्च एपीआय, म्हणजे इतरांना बिंगचे निकाल पुरवणारी सोय, बंद केला, तेव्हा त्यावर उभ्या असलेल्या कित्येक छोट्या सेवांच्या पायाखालची जमीन सरकली. म्हणून इथल्या वादात पाटीवर कुणाचं नाव आहे यापेक्षा इंडेक्स कुणाच्या ताब्यात आहे, हे आधी विचारलं जातं. इकोसिया आणि फ्रान्सची क्वांट आता मिळून युरोपीय इंडेक्स उभारताहेत. त्याआधी २०२२ मध्ये युरोपीय संघाच्या पैशातून १४ संस्थांनी खुल्या इंडेक्सचं काम हाती घेतलं. त्यांत म्युनिकजवळचं लायबनिट्स महासंगणक केंद्र होतं आणि सर्न ही जिनिव्हाजवळची भौतिकशास्त्राची प्रयोगशाळाही होती.

युरोपने सगळं जिंकलंय असं मी मुळीच म्हणत नाही. मार्च २०२४ पासून मोठ्या कंपन्यांवर नवा डिजिटल बाजार कायदा लागू झाला, फोनवर सर्च इंजिन निवडायचा पर्याय आला, आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी सवयीचंच नाव निवडलं. नुसत्या निवडीने फारसं बदलत नाही, कारण दुसरीकडे मिळणारे निकाल पुष्कळदा त्याच दोन इंडेक्समधून आलेले असतात.

आता एआय. त्याची ताजी उत्तरं येतात ती शेवटी कुणीतरी लिहिलेल्या आणि कुठल्यातरी इंडेक्सने टिपलेल्या पानांवरूनच. अमेरिकेतल्या प्यू संस्थेने मार्च २०२५ मधल्या वापराचा अभ्यास केला: निकालांच्या वर एआयचा सारांश असला तर लोक ८ टक्के वेळाच एखाद्या लिंकवर जातात, नसला तर १५ टक्के वेळा. वाचकच येणार नसतील तर नीट लिहिणाऱ्याने लिहायचं कुणासाठी? आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि मराठीचा आड मुळात उथळ आहे.

हे मला फार लागतं. २०११ च्या जनगणनेनुसार ८.३ कोटी लोकांची ही मातृभाषा. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, त्याची पानं शोधात सापडतात, आणि परदेशात बसून ती वाचताना किती बरं वाटतं हे माझं मला ठाऊक. पण किती संस्थांचे अहवाल, परिपत्रकं, जुने अंक स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये किंवा जुन्या फॉन्टमध्ये पडून आहेत! कुठलंच सर्च इंजिन ते धड वाचू शकत नाही, मग ते स्वदेशी असो की परदेशी. झोहोचा उला ब्राउझर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या स्पर्धेत पहिला आला याचा मला आनंदच आहे. तरी ब्राउझर ही खिडकी आहे. तिच्यातून दिसायला मराठी मजकूर हवा आणि तो टिपणारा इंडेक्स हवा.

आपल्याला हे सुचलंच नव्हतं असंही नाही. भारतीय भाषांच्या तंत्रज्ञानासाठीच्या केंद्राच्या टीडीआयएल कार्यक्रमातून 'संधान' नावाचं भारतीय भाषांचं सर्च इंजिन तयार झालं होतं. त्यात मराठी होती, आयआयटी मुंबईचा सहभाग होता. ते पर्यटनाच्या विषयापुरतं होतं आणि सामान्य माणसाच्या वापरात कधी आलं नाही. त्या कामाचा धागा पुन्हा उचलावा, निदान मराठीपुरता उचलावा, असं मला मनापासून वाटतं. राज्याच्या संस्थांनी मजकूर युनिकोडमध्ये, कायम राहणाऱ्या पत्त्यावर ठेवावा. विद्यापीठांनी त्याचा खुला इंडेक्स राखावा, आणि तो कुणालाही वापरता यावा: उद्याच्या मराठी स्टार्टअपला, आणि वाटलं तर गूगललाही.

पैशांचा प्रश्न कुणीतरी काढणारच. युरोपच्या त्या खुल्या इंडेक्स प्रकल्पाला संघाने ८५ लाख युरो दिले. एवढ्यात सगळं वेब टिपून होत नाही, पण सुरुवात होते. शोधाच्या निकालांत पक्षपात केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. युरोपची ती रक्कम या दंडापेक्षा कमी भरते.