मामा, शेगडी पेटवू नका

‘जुने मोबाईल भंगारात देऊ नका! मीठ वितळवा, त्यात सर्किट टाका, सोनं आणि दुर्मिळ धातू तळाशी बसतात. परदेशी शास्त्रज्ञांची पद्धत. दहा मोबाईलमागे तोळाभर सोनं. आता खाणींची गरजच नाही!’ हा मेसेज चार ग्रुपांवर पाहून सोडून दिला होता. पण परवा मामांचा फोन आला, “ॲल्युमिनियमचं पातेलं चालेल का गं?” मग लिहायला बसले.

नाही चालणार. मीठ वितळतं ८०१ अंश सेल्सिअसला, ॲल्युमिनियम ६६० ला. मीठ तसंच खडखडीत राहील आणि पातेलं पाघळेल. लोखंडी कढई घेऊन, भट्टी लावून वितळवलंच, तर त्याहून वाईट. गरम तेलात पाण्याचा थेंब पडला की काय होतं ते मामींना विचारा. तेल दोनशेच्या आसपास असतं, हे आठशेच्या वर. ओलसर सर्किट पडलं तर ते मीठ तोंडावर उडेल. शिवाय सर्किटात शिसं असतं, जळणाऱ्या प्लास्टिकमधून डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं निघतात. चीनच्या ग्वीयू गावात घरोघरी असंच सर्किट जाळून धातू काढत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत तिथल्या मुलांच्या रक्तात शिसं सरासरी १५.३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर निघालं, शेजारच्या गावात ९.९४. मामांच्या गॅलरीखालीच पाळणाघर आहे.

आणि तळाशी सोनं? सोनं १०६४ अंशांना वितळतं, नुसत्या मिठात विरघळत नाही. मोठे कारखाने सर्किट तांब्याबरोबर वितळवतात, सोनं तांब्यात उतरतं, मग ते विजेने वेगळं काढतात. तोळ्याचा हिशोब तर सोपा आहे: एका मोबाईलमध्ये साधारण ०.०३ ग्रॅम सोनं. दहा ग्रॅमसाठी तीनशेच्या वर मोबाईल लागतील. मामांकडे अकरा आहेत.

परदेशी शास्त्रज्ञांचं तेवढं खरं आहे, मान्य करते. पण ते सोन्यासाठी नाही, चुंबकातल्या निओडिमियम या दुर्मिळ मृदा धातूसाठी. टोकियो विद्यापीठात ओकाबे यांच्या गटाने वितळलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडने चुंबकातून निओडिमियम ओढून घेतलं, लोखंड मागे राहिलं. रसायनशास्त्रात ‘मीठ’ म्हणजे फक्त डब्यातलं मीठ नव्हे, गोंधळ तिथेच झालाय.

खाणींचं काय सांगायचं! संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या ई-कचरा अहवालानुसार दुर्मिळ मृदा धातूंची जेमतेम एक टक्का मागणी ई-कचऱ्यातून भागते.

मामा, रविवारी येते. अकराही मोबाईल नोंदणीकृत केंद्रात देऊन येऊ. पातेलं मामींना परत करा, त्या शोधतायत.