‘धडा पाच वेळा वाचा, पहाटे चारला उठा’ : व्हॉट्सॲपवरच्या मेंदूशास्त्राला उत्तर

अकरावीचे प्रवेश आटोपले, क्लासच्या बॅचेस सुरू झाल्या, की ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. कठीण विषय सोपे करण्याचे मेंदूशास्त्रीय नियम म्हणून तो येतो. त्यात सांगितलेलं असतं ते असं : आपण मेंदूचा दहाच टक्के वापर करतो. गणित हे डाव्या मेंदूच्या मुलांचं काम. मूल बघून शिकतं की ऐकून, हे आधी ओळखा. धडा पाच वेळा वाचा आणि महत्त्वाच्या ओळी रंगवा. एक चॅप्टर संपूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. सोडवलेलं उत्तर न बघता स्वतःच झगडा. पहाटे चारला उठा. प्रवासात लेक्चर दुप्पट वेगाने ऐका. शेवटी अर्थातच ‘पुढे पाठवा, कुणाचं तरी भलं होईल.’

यातले एक-दोन मुद्दे अर्धे बरोबर आहेत. बाकीच्यांची गोम एकच : अभ्यास करताना जे सुरळीत चालल्यासारखं वाटतं, त्यालाच हा मेसेज शिकणं समजतो. मुद्दे त्याच क्रमाने घेऊ.

‘मेंदूचा दहाच टक्के वापर होतो’

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळीही शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा खातो. नव्वद टक्के भाग रिकामा बसून असता तर हा खर्च शरीराला परवडलाच नसता. शिवाय पक्षाघातात अगदी छोट्या भागाचा रक्तपुरवठा तुटला तरी बोलणं, हालचाल किंवा दृष्टी यांपैकी काहीतरी बिघडू शकतं. यावर याहून जास्त शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

‘गणित डाव्या मेंदूचं’

याचं मूळ मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांच्या कामात आहे. अपस्मार आटोक्यात आणण्यासाठी ज्यांच्या मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा तंतूंचा पट्टा कापला होता, अशा रुग्णांचा त्यांनी अभ्यास केला आणि १९८१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. बहुतेकांच्या बाबतीत भाषेचं बरंचसं काम डावीकडे चालतं, हे खरं आहे. पण त्यावरून माणसांचीच ‘डावी’ आणि ‘उजवी’ अशी वाटणी करणं ही नंतरची कल्पकता. युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये हजारावर लोकांचे मेंदूचे स्कॅन तपासले, तेव्हा अशी माणसं काही सापडली नाहीत. संख्या हाताळताना दोन्ही बाजूंचे भाग काम करतात.

बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल सांगणाऱ्या महागड्या चाचण्या याच दुकानातल्या. ठसे जन्माआधीच ठरतात आणि आयुष्यभर तसेच राहतात. अकरावीतल्या मुलाला इंटिग्रेशन जमेल की नाही, याचा त्यांच्याशी काहीही संबंध नाही.

‘मूल बघून शिकतं की ऐकून, ते ओळखा’

मुलांची आवड वेगवेगळी असते, हे कुणीच नाकारत नाही. पण दावा त्यापुढचा आहे : ‘बघणाऱ्या’ मुलाला चित्रातून आणि ‘ऐकणाऱ्या’ मुलाला बोलून शिकवलं तर दोघांचेही मार्क वाढतात. हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी या विषयावरचं सगळं संशोधन चाळून २००८ मध्ये निष्कर्ष काढला की या दाव्याला पुरेसा पुरावा नाही. माध्यम मुलावरून ठरत नाही, मजकुरावरून ठरतं. बेंझीनची रचना काढूनच कळते, उच्चार ऐकूनच सुधारतो, आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगात टायट्रेशनचा एंड पॉइंट (द्रावणाचा रंग बदलतो तो नेमका क्षण) ब्युरेट हातात धरल्याशिवाय पकडता येत नाही. सर्वात जास्त फायदा चित्र आणि शब्द एकत्र आले की होतो, आणि तो सगळ्यांनाच होतो.

या समजाचा खरा तोटा वेगळा आहे. ‘मी व्हिज्युअल आहे’ असं ठरलेलं मूल लिहून आठवण्याचा कंटाळा शास्त्राच्या नावावर खपवतं.

‘पाच वेळा वाचा, ओळी रंगवा’

मेसेजमधला सर्वात महागात पडणारा सल्ला हाच, कारण तो पटतो. तिसऱ्या वाचनात वाक्यं ओळखीची वाटू लागतात, पाचव्यात पुढचा शब्द आधीच सुचतो, आणि धडा झाला असं वाटतं. पण समोर असलेलं ओळखणं आणि समोर काही नसताना आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेत दुसरी लागते.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये हे आकड्यांत दाखवलं. कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते : ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले आणि आठवणारे ६१ वर राहिले. गंमत म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील, असा विश्वास वाचणाऱ्या गटालाच जास्त होता.

आठवण्याच्या प्रत्येक प्रयत्नात त्या माहितीकडे जाणारा मार्ग पुन्हा वापरला जातो आणि पक्का होतो. पुस्तक उघडं असेल तर मेंदूला तो मार्ग शोधावाच लागत नाही. म्हणून कृती अशी :

एका वेळी चार-पाच पानं घ्या, पूर्ण धडा नको. दहा-बारा मिनिटं एकदाच, सावकाश वाचा. पुस्तक बंद करून कोऱ्या कागदावर पाच-सात मिनिटं आठवेल ते लिहा : आकृती, सूत्र, आणि ते सूत्र कुठल्या अटीवर चालतं ते. मग पुस्तक उघडून चुकलेलं आणि सुटलेलं लाल पेनाने भरा. हा कागद फेकू नका, पुढच्या वेळी काय विचारायचं त्याची यादी तोच. दुसऱ्या दिवशी नव्या कागदावर फक्त लाल भाग आठवा. मग चौथ्या दिवशी, दहाव्या दिवशी, आणि तीन आठवड्यांनी.

हे अंतर परीक्षा किती लांब आहे त्यावर ठरतं. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या प्रयोगात चाचणी ७ दिवसांनी असेल तर उजळणीसाठी १ दिवसाचं अंतर सर्वात चांगलं ठरलं, ३५ दिवसांनी असेल तर ११ दिवसांचं, आणि ३५० दिवसांनी असेल तर २१ दिवसांचं. युनिट टेस्टची आणि बारावीनंतरच्या सीईटी प्रवेश परीक्षेची उजळणी एकाच वेळापत्रकात बसत नाही ती यामुळे.

बिघडतं कुठे? पहिली जागा म्हणजे तीस सेकंदांत आठवलं नाही की पान उलटणं. निदान दोन मिनिटं कागदाकडे बघत बसायचं, तो अस्वस्थ वेळच उपयोगाचा. दुसरी, लिहिलेलं तपासायचंच नाही. मग चूकच पक्की होते. तिसरी, फक्त व्याख्या आठवणं. ‘मोमेंट ऑफ इनर्शिया (वस्तूचा फिरण्याला होणारा विरोध) म्हणजे काय’ याऐवजी ‘रिंग, डिस्क आणि भरीव गोल उतारावरून न घसरता गडगडायला एकदम सोडले तर आधी कोण पोचेल आणि का’ हे स्वतःला विचारा. गोल पहिला, डिस्क दुसरी, रिंग शेवटची, आणि वस्तुमान किंवा त्रिज्या बदलूनही हा क्रम बदलत नाही. हे न बघता सिद्ध करता आलं तर त्या भागाची उजळणी झाली समजा.

हायलायटरचं काय? वापरा, पण एका पानावर तीन ओळींपुरता, आणि आठवून लिहिल्यानंतर. पहिल्याच वाचनात रंगवलं तर पान लोणच्याच्या डागांसारखं पिवळं होतं आणि महत्त्वाचं काय ते शेवटी ठरतच नाही.

‘एक चॅप्टर पूर्ण संपवा, मगच दुसरा’

समजून घेताना हे ठीक आहे. सरावाला नाही. इंटिग्रेशनचंच उदाहरण घ्या. एक्स गुणिले ई-रेज-टू-एक्स : बाय पार्ट्स. एक्स गुणिले ई-रेज-टू-एक्स-स्क्वेअर : सब्स्टिट्यूशन. एक्स भागिले (एक्स-स्क्वेअर अधिक तीन एक्स अधिक दोन) : पार्शल फ्रॅक्शन. तिन्ही दिसायला भावंडं, रीत मात्र तीन वेगळ्या. ‘बाय पार्ट्स’ या शीर्षकाखाली तीस गणितं सोडवणाऱ्या मुलाला रीत निवडावीच लागत नाही. ती शीर्षकानेच सांगितलेली असते. सीईटीच्या पेपरवर शीर्षक नसतं, आणि मग ‘येत होतं, पण सुचलं नाही’ ही तक्रार येते.

डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये चार प्रकारच्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका प्रकारची गणितं सलग केली, दुसऱ्याने सरमिसळ. सरावाच्या वेळी सलग करणारे ८९ टक्के बरोबर, सरमिसळवाले ६० टक्के. आठवड्याने सलगवाले २० टक्के, सरमिसळवाले ६३. घरी सराव बघणारे आई-बाबा ८९ बघून खूश होतात, अडचण ती आहे.

प्रत्यक्षात असं करा. नवी रीत आली की आधी तिचीच पाच-सहा गणितं, हात बसेपर्यंत. त्याआधीच सरमिसळ केली तर नुसता गोंधळ होतो. त्यानंतर रोज बारा गणितांचा संच : चार आजच्या चॅप्टरची, चार गेल्या आठवड्याची, चार महिन्यापूर्वीची, क्रम पिसून. वेळ कमी असेल तर प्रत्येकाची फक्त पहिली पायरी आणि ‘हीच रीत का’ एवढं एक वाक्य लिहा. वीस मिनिटांत संच उरकतो, आणि कौशल्य नेमकं त्या वाक्यात तपासलं जातं.

‘उत्तर न बघता झगडा’

हा अर्धा बरोबर. ज्याला पाया आहे त्याने झगडावं. अगदी नव्या विषयात मात्र झगड्याने फारसं हाती लागत नाही, कारण डोक्यात एका वेळी नव्या गोष्टी धरून ठेवायची जागा फार कमी असते. नेल्सन कोवन यांच्या २००१ च्या मांडणीनुसार साधारण चार. नवखा मुलगा दिलेली माहिती, विचारलेलं, सूत्र आणि चिन्हं सांभाळतानाच भरून जातो, रीत शिकायला जागा उरत नाही. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितात दाखवलं की नवख्यांना सोडवलेली उदाहरणं अभ्यासणं जास्त फळतं.

म्हणून पहिली दोन उदाहरणं पूर्ण सोडवलेली घ्या आणि प्रत्येक पायरीशेजारी ‘हे का केलं’ ते लिहा. तिसऱ्यातली शेवटची पायरी झाकून स्वतः करा, चौथ्यातला उत्तरार्ध झाका, पाचवं कोऱ्या कागदावर. रीत जमल्यानंतरही सोडवलेलीच वाचत राहिलात तर फायदा उलटतो.

‘पहाटे चारला उठा’

रात्री आठला झोपणाऱ्याने जरूर उठावं. पण घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून क्लासहून साडेनऊला घरी पोचणारं मूल अकराच्या आधी झोपत नाही. चारला उठलं तर झोप पाच तास. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास हवेत, आणि या वयात शरीराचं घड्याळही मुळात उशिराकडे सरकलेलं असतं.

झोपेत अभ्यास थांबत नाही. दिवसा हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या नव्या आठवणी नोंदणाऱ्या भागात, नोंदलेलं गाढ झोपेत पुन्हा पुन्हा चालवलं जातं. मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी १९९४ मध्ये उंदरांच्या मेंदूत हे टिपलं : जागेपणी एकत्र सक्रिय झालेल्या पेशी नंतर झोपेतही एकत्र सक्रिय होत होत्या. त्यामुळे पहाटेची दोन तास झोप कापून वाचलेलं नवं पान कालच्या पानाच्या किमतीवर येतं. रात्रीची शेवटची पंधरा मिनिटं आठवून लिहायला द्या आणि चहा-कॉफी संध्याकाळी पाचनंतर बंद ठेवा, कारण कॅफीनचा निम्मा भाग चार-पाच तासांनीही शरीरात असतो.

‘प्रवासात लेक्चर दुप्पट वेगाने’

इथे वेग हा मुख्य दोष नाही. दोष हा की कानात कुणीतरी बोलत राहतं आणि आठवण्याचं काम परत टळतं. ठाणे-वाशी लोकलमध्ये अर्ध्या तासाच्या आसपास वेळ मिळतो. गर्दीत वही उघडता येत नाही, पण आठवायला वही लागतही नाही. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा : स्टेशनमागे एक प्रश्न, कालच्या लाल पेनाच्या कागदावरून आधीच ठरवलेला. पुढचं स्टेशन येईपर्यंत मनात पूर्ण उत्तर मांडायचं, सुटलं तर त्या स्टेशनचं नाव लक्षात ठेवायचं, आणि वाशीला उतरल्यावर तेवढीच उत्तरं तपासायची. लेक्चर ऐकायचंच असेल तर ते परतीच्या प्रवासात, आणि दर दहा मिनिटांनी थांबवून.