‘क्लास लावल्याशिवाय फिजिक्स येत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बारावीचे रिझल्ट लागले की आपल्या मराठवाड्यातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो, यंदाही नांदेड, परभणी, हिंगोली, बीड सगळीकडं गेलाय. ज्यांनी वाचला नसंल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फिजिक्स स्वतःचं स्वतः शिकता येत नाही, त्यातलं इलेक्ट्रोमॅग्नेटिझम, म्हणजे वीज आणि चुंबकत्वाचा भाग, तर अजिबातच नाही, त्याला क्लास लागतोच. मराठी मीडियमच्या लेकरांनी नाद करू नये कारण चांगलं सगळं इंग्रजीत आहे. गणित पूर्ण पक्कं झाल्याशिवाय पुस्तक उघडायचं नाही. लॅब नसंल तर सोडून द्या. नेटवर फुकट मिळतं ते सगळं कचरा. आणि फारच हौस असंल तर यूट्यूबवर शॉर्ट ट्रिक बघा, तेवढं पुरे.

मला हे वाचून लई वाईट वाटतं. मी इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला, नोकरी लागल्यावर इलेक्ट्रोमॅग्नेटिझम पहिल्यापासून परत घरी बसून शिकलो, आता गल्लीतली लेकरं अडलं की माझ्याकडं वह्या घेऊन येतात. असला मेसेज वाचून एखादा बाप रान विकायचा विचार करायला लागतो, आणि एखादी पोरगी जिला खरंच हा विषय आवडतो ती पुस्तक मिटून ठेवते. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय, लांबलंय पण वाचा.

"स्वतःचं स्वतः शिकता येत नाही"

ज्या विषयाबद्दल हे लिहिलंय त्या विषयाचा अर्धा पायाच घरी शिकलेल्या माणसांनी घातलाय. मायकेल फॅरडे बुकबायंडिंगच्या दुकानात कामाला होता, बांधायला आलेली पुस्तकं वाचून विजेच्या नादाला लागला, आणि १८३१ साली विद्युतचुंबकीय प्रवर्तन, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्रानं तारेत वीज तयार होणं, हे त्यानंच शोधलं, ज्याच्यावर आज जनरेटर आणि ट्रान्सफॉर्मर चालतात. जॉर्ज ग्रीन हा इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमचा पिठाच्या चक्कीवाला, शाळा जेमतेम वर्षभर झालेली, गावच्या वर्गणीच्या लायब्ररीत वाचायचा आणि १८२८ मध्ये त्यानं वीज आणि चुंबकत्वाच्या गणितावर जो निबंध छापला त्यातलं गणित आजही एमएस्सीला शिकवतात. ऑलिव्हर हेविसाईडनं सोळाव्या वर्षी शाळा सोडली, तार खात्यात ऑपरेटर होता, वीज आणि चुंबकत्वाचा पूर्ण सिद्धांत मांडणाऱ्या मॅक्सवेलचा ग्रंथ एकट्यानं वाचून काढला आणि मॅक्सवेलची पसरट समीकरणं आज आपण लिहितो तशा चार ओळींत त्यानंच आणली.

आता कोणी म्हणंल ती थोर माणसं होती, आपलं लेकरू साधं. मान्य, पण आपल्या लेकराला नवीन शोध लावायचा नाही, लागलेला शोध समजून घ्यायचाय, आणि त्याच्या हातात जे साहित्य आहे त्याचा दहावा हिस्साही ग्रीनकडं नव्हता.

नीटसाठी क्लास लावणं चूक आहे असं मी म्हणत नाही. टाईमटेबल लागतं, टेस्ट होतात, सोबत पोरं असतात, स्पर्धेला ते कामाला येतं. लातूरला जाऊन ज्यांचं भलं झालं अशी घरं आपण बघितलीच आहेत. पण परीक्षेची तयारी वेगळी आणि विषय समजणं वेगळं, आणि विषय समजायला लातूरला खोली करावी लागत नाही.

खरी अडचण दुसरीच असती. साहित्य कमी नाही, जास्त झालंय. मोबाईल पीडीएफनं भरलेला, दहा चॅनल सबस्क्राईब केलेले, प्रत्येकाचं पहिलं प्रकरण वाचलेलं आणि दुसरं कशाचंच नाही. म्हणून मी येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगतो, मुख्य पुस्तक एक धरा, बाकीची सगळी त्याच्या मदतीला. अडलं तर दुसऱ्या पुस्तकात तेवढाच भाग बघायचा आणि परत मुख्य पुस्तकावर यायचं.

आणि क्रम असा. दहावीच्या बालभारतीच्या विज्ञान भाग १ मधलं ‘विद्युतधारेचे परिणाम’ हे प्रकरण, त्याच्या आधी नववीचं ‘धाराविद्युत’. मग एनसीईआरटीचं बारावी फिजिक्स भाग १, त्याची आठच्या आठ प्रकरणं याच विषयाची आहेत, स्थिर विजेपासून थेट विद्युतचुंबकीय लहरींपर्यंत. त्याच्या जोडीला एच. सी. वर्मांच्या पुस्तकाचा दुसरा भाग, गणितांसाठी. हे झालं की कॉलेजच्या पातळीचं ग्रिफिथ्सचं इलेक्ट्रोडायनॅमिक्स. ज्याला वेगळ्या वाटेनं बघायचंय त्यानं पर्सेलचं पुस्तक घ्यावं, त्यात चुंबकत्व हे सापेक्षतावादातून कसं निघतं ते दाखवलंय, पण ते पहिलं पुस्तक म्हणून घेऊ नका, दमायला होतं.

"मराठी मीडियमच्या लेकरांनी नाद करू नये"

या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. दहावीपर्यंतचं सगळं मराठीत आहे आणि चांगलं आहे, बालभारतीच्या साईटवर पीडीएफ फुकट मिळतात. मराठी विश्वकोश नेटवर आहे, त्यातल्या भौतिकीच्या नोंदी जड वाटतात पण नेमक्या आहेत, एखादी संकल्पना पक्की करायला मी अजूनही तिथं जातो. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांच्या साईटवर मराठी पुस्तकं ढिगानं आहेत. एनसीईआरटी हिंदीत आहे, वर्मांचं पुस्तकही हिंदीत निघालंय, आणि हिंदी आपल्याला वाचता येती.

पुढं इंग्रजी लागतं हे खरं आहे, ते मी लपवणार नाही. पण फिजिक्सच्या पुस्तकातलं इंग्रजी कादंबरीतल्यासारखं नसतं, तेच तेच दीड-दोनशे शब्द फिरून फिरून येतात. वहीच्या मागच्या पानावर मराठी आणि इंग्रजी शब्द समोरासमोर लिहीत गेलं की दोन-तीन प्रकरणांत वाचायचा वेग येतो. माझ्याकडं येणारी जिल्हा परिषदेच्या शाळेतली लेकरं असंच करतात आणि त्यांचं अडतं ते गणितापाशी, भाषेपाशी नाही.

"गणित पूर्ण पक्कं झाल्याशिवाय हात लावू नका"

या सल्ल्यानं किती लोकांचं नुकसान झालं असंल. माणूस कॅल्क्युलसचं जाड पुस्तक आणतो, शंभर पानं करतो, कशासाठी करतोय ते कळत नाही, सोडून देतो, आणि फिजिक्स कधी सुरूच होत नाही.

सुरुवातीला लागतं तरी किती? बीजगणित, त्रिकोणमिती, आणि व्हेक्टर म्हणजे दिशा असलेली राशी हे डोक्यात. अकरावी-बारावीतलं डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन एनसीईआरटी करता करता जोडीनं होतं. व्हेक्टर कॅल्क्युलस, ज्याचं नाव ऐकून लोक घाबरतात, ते ग्रिफिथ्सच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात शिकवलंय. फाईनमन या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या लेक्चर्सचा दुसरा खंड बहुतेक सगळा इलेक्ट्रोमॅग्नेटिझमवर आहे, त्याचं दुसरं आणि तिसरं प्रकरण याच गणिताचं, आणि ते सगळे खंड कॅलटेकच्या साईटवर फुकट वाचायला ठेवलेत. म्हणजे लिहिणाऱ्यांनाच माहिती होतं की वाचणाऱ्याला हे येत नसणार, आणि त्यांनी सोय करून ठेवली.

साध्या भागाकारावर किती दूर जाता येतं ते बघा. गावाबाहेरच्या डीपीच्या पाटीवर ११०००/४३३ व्होल्ट लिहिलेलं असतं. लोक सरळ भागतात आणि म्हणतात वरच्या कॉइलला पंचवीस पट वेढे. तसं नसतंय. ११००० ची बाजू डेल्टा जोडणीत असती, म्हणजे तीन कॉइल त्रिकोणात जोडलेल्या, ४३३ ची स्टार जोडणीत, म्हणजे तिन्हींचं एकेक टोक मधे एकत्र बांधलेलं, आणि ४३३ हे दोन फेजमधलं व्होल्टेज आहे. स्टारमध्ये एका कॉइलवर मिळतं ते ४३३ भागिले तीनाचं वर्गमूळ, म्हणजे २५०. डेल्टाच्या कॉइलवर मात्र पूर्ण ११०००. कॉइलवरचं व्होल्टेज तिच्या वेढ्यांच्या प्रमाणात असतं, म्हणून वेढ्यांचं गुणोत्तर येतं ४४. याच्यात फॅरडेचा नियम आला, एसी करंट आला, थ्री फेज आलं, आणि गणित सातवीतल्या लेकराला जमंल एवढंच. डीपीजवळ मात्र जायचं नाही, लांबून वाचायचं.

"लॅब नाही तर फिजिक्स नाही"

उलट आपल्या तालुक्याच्या गावाएवढी इलेक्ट्रोमॅग्नेटिझमची लॅब कुठं नसंल. मोटर रिवाइंडिंगचं दुकान प्रत्येक बाजारपेठेत आहे. तिथं तासभर बसा, कारागीर स्टेटरच्या, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या भागाच्या, खाचांत इन्सुलेशनचा कागद घालून वेढे कसे बसवतो, कोणती कॉइल कोणत्या खाचेतून कुठं काढतो ते बघा. मग शेतकऱ्याला विचारा, थ्री फेजच्या मोटरच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या तर काय होतं, तो लगेच सांगंल की मोटर उलटी फिरती आणि पाणी कमी फेकती. असं का होतं? तीन फेजचे करंट एकापाठोपाठ एक, सायकलच्या एक तृतीयांश अंतरानं येतात, त्यामुळं स्टेटरच्या आत चुंबकीय क्षेत्र स्वतःच गोल फिरतं आणि रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, त्याच्या मागं ओढला जातो. दोन फेज बदलल्या की येण्याचा क्रम उलटतो, क्षेत्र उलटं फिरतं, संपलं. जे आपल्या रानात रोज चालतं तेच पुस्तकात आकृती काढून लिहिलेलं असतं.

घरी करायचं तर अरविंद गुप्तांची साधी मोटर करा, एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि इनॅमलची, म्हणजे वीज अडवणारा लेप दिलेली, तांब्याची तार. रिवाइंडिंगवाल्याकडं कोऱ्या तारेचा उरलेला तुकडा मागा, जळालेली नको. गोल कॉइल करायची, एका टोकाचं इनॅमल पूर्ण खरवडायचं आणि दुसऱ्या टोकाचं फक्त अर्ध्या बाजूचं. इथंच सगळे चुकतात, दोन्ही टोकं पूर्ण खरवडतात आणि कॉइल नुसती हलून थांबती, कारण अर्ध्या फेऱ्यानंतर बल उलट दिशेनं ढकलायला लागतं. अर्धी बाजू न खरवडल्यानं नेमका तेवढा वेळ करंट बंद राहतो आणि कॉइल तिच्या वेगानं पुढं निघून जाती. सेलवरच करायचं, घरातल्या लाईटवर नाही, आणि तार तापती म्हणून जास्त वेळ धरून ठेवायची नाही.

दुसरा प्रयोग याच्यापेक्षा सोपा. एसी दुरुस्त करणाऱ्याकडं अर्धा इंची तांब्याच्या पाईपचा फूटभर तुकडा मिळतो, त्याच्यात १० मिलिमीटरचा निओडिमियम चुंबक सोडा. तेवढ्याच मापाचा लोखंडी तुकडा पाव सेकंदात खाली पडतो, चुंबक मात्र सावकाश उतरतो, तांब्याला चुंबक चिकटत नाही तरी. पडणाऱ्या चुंबकामुळं पाईपात गोल गोल करंट तयार होतात आणि ते त्यालाच अडवतात, हाच लेन्झचा नियम. हे ज्यानं स्वतःच्या हातानं केलं त्याला फॅरडेच्या नियमात ऋण चिन्ह कुठून आलं हे परत विचारावं लागत नाही.

आणि जे घरी होत नाही त्याला फेट नावाची सिम्युलेशनं आहेत, कोलोराडो विद्यापीठानं केलेली, फुकट, बरीचशी मोबाईलवर चालतात, काही मराठीतही आहेत. प्रभार ठेवून क्षेत्राचे बाण कसे वळतात ते तिथं बोटानं सरकवून बघता येतं.

"फुकट मिळतं ते कचरा"

वर जेवढी नावं घेतली त्यातली बरीचशी फुकटच आहेत. आणखी सांगतो, एनपीटीईएल या ऑनलाईन कोर्सच्या साईटवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स आहेत. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर ८.०२ नंबरचा कोर्स आहे, याच विषयाचा, नोट्स, असाइनमेंट आणि उत्तरांसकट. मुंबईच्या होमी भाभा सेंटरच्या साईटवर ऑलिंपियाडचे जुने पेपर आहेत. हा कचरा असंल तर मग सोनं कशाला म्हणायचं? उलट पैसे देऊन घेतलेल्या कितीतरी नोट्स मी बघितल्यात ज्यात एनसीईआरटीचीच वाक्यं तोडून लावलेली असतात.

"शॉर्ट ट्रिक पुरतात"

नाही पुरत, परीक्षेतसुद्धा नाही. व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, पण कुस्ती बघून कोणी पैलवान होत नाही. चांगला व्हिडिओ जरूर बघा, मीही बघतो, फक्त तो संपला की मोबाईल बाजूला ठेवून तेच कोऱ्या कागदावर पहिल्यापासून मांडा, आणि प्रकरणामागची गणितं सोडवल्याशिवाय पुढच्या प्रकरणाला जाऊ नका. उत्तर बघायच्या आधी एका गणितावर अर्धा-एक तास डोकं घालायचं, शिकणं त्या वेळात होतं.

ट्रिकनं काय होतं त्याचं उदाहरण देतो. लांब सोलेनॉइडच्या, म्हणजे नळीसारख्या गुंडाळलेल्या कॉइलच्या, आतलं चुंबकीय क्षेत्र म्हणजे म्यू नॉट हा ठरलेला स्थिरांक, दर मीटरला वेढे आणि करंट यांचा गुणाकार, हे सगळ्यांचं पाठ असतं. आता विचारा, सोलेनॉइडच्या अगदी टोकाला अक्षावर क्षेत्र किती? पाठांतरवालं लेकरू गप्प बसतं किंवा तेच सूत्र परत सांगतं. ज्यानं विचार केलाय ते असं करतं, तसलंच दुसरं लांब सोलेनॉइड आणून पहिल्याच्या टोकाला टोक लावायचं, करंटची दिशा तीच. आता दोन्ही मिळून एकच लांब सोलेनॉइड झालं आणि जोडाची जागा त्याच्या मधोमध आली, म्हणजे तिथं क्षेत्र पूर्ण. दोघं हुबेहूब सारखे, मग दोघांचा वाटा सारखाच, म्हणजे एकट्याचं टोकाला बरोबर निम्मं. इंटिग्रेशन नाही, काही नाही. नंतर बिओ-सॅव्हार्टच्या नियमानं, म्हणजे तारेच्या एकेका तुकड्याचं क्षेत्र मिळवत जाऊन, करून बघा, तेवढंच येतं. माझ्याकडच्या एका आठवीतून नववीत गेलेल्या पोरीला हे चित्र काढून विचारलं तर तिनं निम्मं हे उत्तर सूत्र माहीत नसताना सांगितलं, आणि लगेच विचारलं की मग टोकाच्या बाहेर थोडं पुढं गेलं तर किती राहतंय.