तलावाकडे पाठ करून काढलेला तलाव

आज सकाळी ठाण्याच्या तलावपाळीवर निसर्गचित्रांची स्पर्धा होती. जागेवर बसून काढायचं, वेळ तीन तास. सहज फेरी मारायला म्हणून गेले आणि डोकं तापवून घरी आले. पहिलं बक्षीस ज्याला मिळालं तो मुलगा तलावाकडे पाठ करून बसला होता! का, तर मोबाईलमधल्या तलावाच्या फोटोवर ऊन येत होतं. मागे अख्खा मासुंदा तलाव चमचमतोय आणि हा काचेत बघून पाणी रंगवतोय. परीक्षकांना विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, शेवटी चित्र चांगलं झालंय ना?"

झालंय. हात तयार आहे त्याचा. पण मग पोरांना उन्हात बोलावलंत कशाला? घरी पंख्याखाली बसवायचं होतं.

मला आमचे सर आठवले. शाळेत चित्रकला शिकवायचे आणि रविवारी आम्हा तीन-चार जणांना कळव्याच्या खाडीवर न्यायचे. १९९१ ची गोष्ट. ओहोटी लागलेली, समोर नुसता चिखल. सर म्हणाले, "हा काढ." मी तांबूस बर्न्ट सिएनात काळा कालवून थापला.

"चिखलाचा रंग कोणता गं?"
"तपकिरी, सर."
"बस मग इथेच. दुसरा दिसला की सांग."

रडकुंडीला आले होते. तासाभराने दिसायला लागलं. ओल्या भागावर आकाश उतरलं होतं, निळसर चांदीसारखं. खेकड्यांच्या बिळांपाशी जांभळट सावली. तिवरांच्या मुळांशी शेवाळी. तपकिरी म्हणावा असा तुकडा फक्त काठाला, ऊन खाऊन भेगाळलेला, हातभर.

हे फोटोत येत नाही हो! आकाश नीट धरलं की चिखल काळाठिक्कर, चिखल धरला की आकाश पांढरंफटक. डोळा दोन्हीकडे जातो, थांबतो, परत येतो. आणि तेवढ्यात ऊन सरकतं, म्हणून काय ठेवायचं नि काय सोडायचं ते तिथल्या तिथे ठरवावं लागतं. लँडस्केप म्हणजे हे ठरवणंच की. फोटोत ते आधीच उरकलेलं असतं.

बरं, उडत्या बगळ्यासाठी फोटो लागतो, धो धो पावसातही लागतो. ठीक आहे.

सर प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलने लिहायचे: वेळ, भरती की ओहोटी, वारा कुठला. माझ्या त्या चिखलाच्या कागदामागेही त्यांच्याच अक्षरात आहे, "ओहोटी, सकाळी ९". ही सवय त्यांनी जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराकडून उचलली होती. त्याने १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला नुसती ढगांची चित्रं केली आणि मागे दिवस, वेळ, वारा नोंदवून ठेवला. रॉयल अकॅडमी या तिथल्या मानाच्या कलासंस्थेने त्याला पूर्ण सदस्य करून घेतलं ते १८२९ मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी. आपल्याकडे कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकलेला माणूस, पण कोटितीर्थ तळ्याच्या काठी राहून तेच पाणी पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. तेच तळं, रोज नवं. सरांचंही तसंच. आयुष्यात एक प्रदर्शन, सात चित्रं विकली गेली. पुढच्या रविवारी पुन्हा खाडीवर.

लिहिता लिहिता राग उतरतोय. त्या मुलावर तर नाहीच. बक्षीस समारंभानंतर मी त्याच्याशी बोलले. आठवीत आहे, चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा झाली, इंटरमीजिएटची तयारी चाललीय. म्हणाला, "काकी, क्लासमध्ये फोटोवरूनच शिकवतात." त्याला कुणी तासभर बसवलंच नाही, त्याने तरी काय करावं? मी त्याला म्हटलं, मागे वळ आणि पाण्याचा रंग सांग. "हिरवा," म्हणाला. मग गप्प झाला. बघत राहिला. त्याची आई घाई करत होती, तरी हलेना. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "काकी, त्या होडीखाली काळा नाहीये."

आईचा नंबर घेऊन ठेवलाय. रविवारी ओहोटी किती वाजता आहे ते बघून कळवते म्हटलं.