‘लेनी फक्त कलावंत होती’ म्हणे!

परवा भाचीने अकरावीच्या प्रोजेक्टचा मसुदा वाचायला दिला. विषय: जर्मन सिनेमा. दुसऱ्याच परिच्छेदात ओळखीची वाक्यं भेटली. आमच्या फॅमिली ग्रुपवर महिनाभर फिरणारा ‘जर्मन सिनेमाचं दडवलेलं सत्य’ हा फॉरवर्ड तिने जसाच्या तसा उतरवला होता. तेव्हा मी ‘जाऊ दे’ म्हणून गप्प बसलो, त्याची ही शिक्षा.

पहिला दावा, 1920 च्या ‘डॉ. कॅलिगरी’ या मूकपटाने हिटलरचं भाकीत केलं. ही मांडणी झीगफ्रीड क्राकाउअर या जर्मन चित्रपट-समीक्षकाची आणि त्याचं पुस्तक आलं 1947 मध्ये, हिटलर मेल्यावर! हुकूमशहाची ओढ आणि भीती त्या काळच्या पडद्यावर कशी दिसते, हे तो मागे वळून शोधत होता. कुंडली मांडत नव्हता.

दुसरा तर अफाटच. शांतारामबापू म्हणे लेनी रीफेन्श्टाल या जर्मन दिग्दर्शिकेचा, हिटलरचा उदोउदो करणारा ‘ट्रायम्फ ऑफ द विल’ पाहून कॅमेरा शिकले. बापू ‘सैरंध्री’च्या रंगांसाठी जर्मनीला गेले 1933 मध्ये. टेलिफोटो लेन्समधून टिपलेला राजगुरूचा तो डोळा ‘अमृतमंथन’मध्ये दिसला 1934 साली. लेनीबाईंचा चित्रपट 1935 चा. तारखा तरी बघा.

आता तिसरा, ज्याने माझं डोकं फिरलं. ‘लेनी निव्वळ कलावंत होती, जिंकलेल्यांनी तिला बदनाम केलं.’ नाझी पक्षाच्या 1934 च्या न्युरेम्बर्ग मेळाव्यावरच्या त्या ‘ट्रायम्फ’मध्ये ढगांतून विमान उतरतं आणि हिटलर अवतरतो. अवतरतो हाच शब्द बरोबर. जून 1940 मध्ये पॅरिस पडल्यावर तिने हिटलरला अभिनंदनाची तार केली. तेही सोडा. तिचाच ‘टीफलांट’ हा चित्रपट घ्या. त्यात स्पॅनिश गावकरी हवे होते. ते आणले साल्झबुर्गजवळच्या माक्सग्लान आणि बर्लिनच्या मार्त्सान या नाझी छावण्यांतून. तिथे डांबलेले सिंती आणि रोमा, म्हणजे ज्यांना ‘जिप्सी’ म्हणत ते लोक, त्यात लहान मुलंसुद्धा. पुढे त्यांतल्या अनेकांना ऑशविट्झच्या मृत्युछावणीत धाडलं गेलं. नीना ग्लाडिट्झने 1982 मध्ये यावर माहितीपट केला, तेव्हा लेनी कोर्टात गेली. ऑशविट्झचं तिला आधीच ठाऊक होतं, हा भाग कोर्टाने काढायला लावला. मात्र तिने छावणीतून माणसं स्वतः निवडली आणि त्यांना मजुरी मिळाली नाही, हे कायम राहिलं. लक्षात घ्या, दावा तिनेच लावला होता. एवढं होऊनही 2002 मध्ये, शंभरीला टेकल्यावर, ती मुलाखतीत म्हणाली की त्या सगळ्यांना युद्धानंतर मी भेटले, कुणाला काही झालेलं नाही. कोलोनच्या रोमा संघटनेने आक्षेप घेतला आणि विधान मागे घ्यावं लागलं. बाई चौकट लावण्यात वस्ताद होती, हे मान्यच. छावणीतली पोरं निवडणारी नजरही तीच.

उरला शेवटचा, नाझी काळाबद्दलचा: ‘जर्मनांनी साठ वर्षं चकार शब्द काढला नाही, मग 2004 मध्ये डाउनफॉल आला.’ (डाउनफॉल म्हणजे हिटलरच्या अखेरच्या दिवसांवरचा चित्रपट.) यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. पश्चिम जर्मनीत पन्नासच्या दशकात हिरव्या डोंगरांचे, गोड गाण्यांचे ‘हाइमाट’पट धो धो चालले. ज्यूंच्या संहारावर घराघरांत बोलणं सुरू व्हायला 1979 मध्ये एक अमेरिकन टीव्ही मालिका यावी लागली, हेही खरं. पण चकार शब्द नाही? बर्लिन अजून ढिगाऱ्यात होतं तेव्हा, 1946 मध्ये, वोल्फगांग श्टाउटेने त्याच ढिगाऱ्यात ‘खुनी आपल्यातच आहेत’ हा चित्रपट काढला. त्यातला कप्तान पोलंडमध्ये निरपराध गावकऱ्यांना गोळ्या घालायचा हुकूम देतो. युद्ध संपताच तोच माणूस प्रतिष्ठित कारखानदार होतो. कारखान्यात काय बनतं? सैनिकांच्या लोखंडी टोपांची पातेली.

भाचीने तिसरा परिच्छेद खोडला आणि विचारलं, ‘मामा, त्या पातेल्यांचा फोटो मिळेल का?’