सतरा पोरांचा प्रॉम आणि कुकी डोचे डबे

लेकाच्या शाळेत पार्टीसाठी पैसे कसे जमवतात, ते गेले दोन आठवडे डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

आम्ही पश्चिम नेब्रास्कात राहतो. नवरा डॉक्टर, त्याला जे-१ वेवरवर (डॉक्टर कमी असलेल्या भागात काम केलं की व्हिसाची मायदेशी परतायची अट माफ होते, ती सोय) तीन वर्षं इथल्या हॉस्पिटलमध्ये काढायची होती म्हणून आलो आणि गाव आवडलं म्हणून राहिलो. लेक आता अकरावीत आहे, म्हणजे इथल्या भाषेत ज्युनियर. त्याच्या अकरावीत एकूण १७ मुलं. तुकडीत नाही, अख्ख्या अकरावीत. अमेरिकन फुटबॉलसुद्धा इथे आठ-आठ जणांचा खेळतात, अकरा जमवायला पोरंच नसतात.

आणि इथली पद्धत अशी की एप्रिलमधला प्रॉम, म्हणजे शाळेची नटूनथटून नाचायची पार्टी, ज्युनियर्सनी सीनियर्सना, म्हणजे बारावीच्या मुलांना द्यायचा. आपल्याकडे नववी दहावीला सेंड-ऑफ देते ना, तसंच, फक्त खर्चाचा आकडा मोठा. डीजे, जिमची सजावट, आधीचं जेवण, सगळं ज्युनियर्सच्या गल्ल्यातून. ओमाहाच्या मोठ्या शाळेत एकेका वर्गात चार-पाचशे मुलं, तिथे खर्च वाटला जातो. इथे भागायचा तो सतराने, आणि पोरं कमी आहेत म्हणून डीजे काही कमी घेत नाही.

पैसे उभे करायचा मुख्य मार्ग म्हणजे कन्सेशन स्टँड. शुक्रवारी रात्री होम गेमला, म्हणजे आपल्याच मैदानावरच्या मॅचला, पत्र्याच्या शेडमध्ये ही पोरं पॉपकॉर्न, हॉट डॉग, नाचोज आणि वॉकिंग टाको विकतात. चिप्सची पुडी आडवी फाडायची, त्यात खिमा, चीज, लेट्यूस घालायचं आणि काटा खुपसून द्यायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला पुडीतली भेळच आठवली. मागच्या शुक्रवारी मी पालक म्हणून तिथे उभी होते आणि खरं सांगते, मला फार छान वाटलं. हाफटाइमला रांग पार मैदानाच्या कुंपणापर्यंत, एक पोरगा नुसत्या पुड्या फाडतोय, एक मुलगी पैसे घेऊन सुटे परत देतेय, कॅल्क्युलेटर नाही काही नाही, आणि लेक घरी आला तेव्हा जॅकेटला चीज सॉसचा वास, बोटं थंडीने लाल, पण तोंडावर काय समाधान! जानेवारीत बास्केटबॉलच्या आधी चिली (राजमा-खिम्याचा तिखट रस्सा) आणि सिनॅमन रोलचं जेवण ठेवतात, तेही ह्याच गल्ल्यासाठी. (तिखट चिलीबरोबर गोड रोल, नाक मुरडू नका, खाऊन बघा.)

ह्या सगळ्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती डब्यांबद्दल.

ह्या वर्षी ठरलं की शिवाय प्रत्येकाने कुकी डोचे, म्हणजे बिस्किटांच्या तयार कच्च्या पिठाचे, १५ डबे विकायचे. डबा १८ डॉलरचा, त्यातले ७ वर्गाला, बाकीचे कंपनीला. डबे कमी पडले तर प्रत्येक डब्यामागे ७ डॉलर घरून भरायचे, नाहीतर प्रॉमचं तिकीट नाही. वर्गात भिंतीवर तक्ता लावलाय, नावापुढे जेवढे डबे तेवढे चौकोन रंगवायचे.

आमच्या लेकाने एका दुपारी २२ डबे विकले. बाबांच्या हॉस्पिटलमध्ये चक्कर मारली, झालं. डॉक्टरांच्या मुलाला नाही कोण म्हणणार? ह्यात त्याची मेहनत काय होती? आणि त्याच्याच वर्गातली एक मुलगी, आई नर्सिंग होममध्ये नाइट शिफ्ट करते, घर गावापासून ३० मैलांवर कच्च्या रस्त्याला, शेजारी म्हणजे दोन मैलांवरचं रँच. तिचे दोन चौकोन रंगलेत. उरलेल्या १३ डब्यांचे ९१ डॉलर तिने घरून आणायचे. वर सुटे पैसे देणारी मुलगी म्हटलं ना, ती हीच. सप्टेंबरपासून स्टँडवर सगळ्यात जास्त शिफ्ट तिने केल्यात.

मी सांगलीत वाढले, गणपतीची वर्गणी आम्हीही गोळा केलीय. दारोदार फिरायचो, कुणी पाच रुपये द्यायचं, कुणी एकशे एक, कुणी दार लावून घ्यायचं. पण पावतीपुस्तक मंडळाचं होतं, कुठल्या पोराने किती आणले ह्याचा हिशोब कुणी भिंतीवर नाही लावला. ज्याच्या बाबांचं दुकान तो जास्त आणायचा, ज्याच्याकडे काही नाही तो मांडव बांधायला रात्रभर जागायचा, आणि आरतीला दोघं शेजारी उभे.

हेच मी मीटिंगमध्ये उभी राहून बोलले, हातपाय थरथरत होते तरी बोलले. म्हटलं, तक्ता काढा, तास मोजा. स्टँडवर प्रत्येकाने सारखे तास द्यायचे, पैसे जमतील तेवढ्यात प्रॉम करायचा, डीजे परवडला नाही तर स्पीकर लावू. एक बाई म्हणाल्या, मग मुलांना जबाबदारी कशी कळणार? शुक्रवारी रात्री दहाला भांडी घासणाऱ्या पोरीला अजून काय कळायचं राहिलंय? स्पॉन्सर मॅडम, म्हणजे ह्या सगळ्याचं बघणाऱ्या वर्गाच्या बाई, मनाने चांगल्या आहेत, ऐकून घेतलं, निर्णय पुढच्या मंगळवारवर ढकललाय.

आणि इथल्या आपल्या मराठी पालकांनो, मलाही पहिल्यांदा वाटलं होतं की सरळ चेक फाडावा, त्या मुलीचेही डबे आपणच घ्यावेत. लेकानेच अडवलं. म्हणाला, आई, तिला कळलं तर ती प्रॉमला येणारच नाही. त्याला ती ग्रँड मार्चला, म्हणजे प्रॉमच्या मिरवणुकीला हवीय, शाळेच्या जिममध्ये एकेकाचं नाव पुकारतात आणि बघायला अख्खं गाव बसलेलं असतं, तिथे १७ म्हणजे १७ हवेत म्हणतो.

ह्या शुक्रवारी शेवटची होम गेम आहे. थंडी कडक पडणार म्हणतायत, हॉट चॉकलेट भरपूर लागेल, खिम्यासाठी दोन इलेक्ट्रिक रोस्टर (विजेवरची मोठी भांडी) मी घरून नेतेय. छोट्या गावात कुणी राहत असाल तर तुमच्या शाळेत हे कसं करतात ते मंगळवारच्या आत सांगा प्लीज.