पाव किलो बोनलेस

राखेच्या बुधवारी उपासना सुटल्यावर आमच्या जालन्याच्या मंडळीत सगळ्यांनी एकेक करून उभं राहायचं आणि यंदा लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात, आपण काय सोडणार ते सांगायचं, ही प्रथा सरांनी पाडलेली. सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. मंडळीतल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या हातच्या छड्या खाल्ल्यात, त्यामुळे उभं राहा म्हटलं की आपसूक उभं राहणं होतं. मी मटण-चिकन सोडतो म्हणालो. सर स्वतः साखर सोडतो म्हणाले. लोकांनी आमेन केलं.

त्याच आठवड्यात मुलीनं मोंढ्यामागून कुत्र्याचं पिल्लू उचलून आणलं. आमच्या सात पिढ्यांत कुणी कुत्रं पाळलेलं नाही. तिची दहावीची परीक्षा तोंडावर, म्हणून ओरडायची सोय नव्हती. ‘मीच सगळं करीन बाबा’ हे वाक्य तिनं पिल्लू हातात धरूनच म्हटलं आणि लगेच भूमितीचं पुस्तक उघडलं. ते अजून मिटलेलं नाही. बायकोनं पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘मी काही हात लावणार नाही.’ ती शब्दाला पक्की आहे. तेव्हा पहाटे चारला ते कुंईकुंई करायला लागलं की कोण उठतं, आणि फरशी कोण पुसतं, हे सांगायला नको. आमच्याकडे नळ रोज येत नाही. टँकरच्या पाण्यानं मी कुत्र्याचं मुतणं धुतो आणि स्वतः अर्ध्या बादलीत आंघोळ करतो.

पिल्लाचं पोट बिघडलेलं होतं. डॉक्टरांनी पार्वोची लस, ती पुन्हा कधी, रेबीजची तीन महिन्यांचं झाल्यावर, असं सगळं कार्डावर लिहून दिलं आणि म्हणाले, सध्या भातात उकडलेलं चिकन कालवून द्या. तिखट, मीठ, कांदा, लसूण काही नको. आणि शिजवलेलं हाड अजिबात देऊ नका, ते चिरफाळतं आणि आतडं फाडतं. म्हणजे बोनलेस. आमच्या घरात आजवर बोनलेस कुणी खाल्लेलं नाही. लग्नातसुद्धा आम्हाला मान आणि पंखच आले.

तर परवा शुक्रवारी संध्याकाळी मी चाचांच्या दुकानात उभा. यंदा लेंट आणि रमजान मागेपुढे एकाच आठवड्यात लागले. चाचांचा रोजा, माझा नेम, आणि मधे लाकडी ठोकळ्यावर कोंबडी. ‘पाव किलो बोनलेस’ म्हणालो आणि मागून आवाज आला, ‘काहून रे? शुक्रवारी?’

वळून पाहिलं तर सर. हातात अंड्यांचा ट्रे.

‘सलाम सर. कुत्र्यासाठी घेऊ राह्यलो.’

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. वर्गात कुणी ‘वही घरी राहिली’ म्हटलं की ते असंच करायचे.

‘तुझ्याकडं कुत्रं कुठंय?’

‘परवाच आणलं.’

‘लेंट लागल्यावर?’

‘हो.’

‘आणि ते बोनलेस खातं.’

मी चाचांकडे वळलो. ‘चाचा, सांगा ना यांना.’ चाचा भला माणूस. सुरी थांबवून म्हणाले, ‘हाँ साब, कुत्ते के वास्तेच ले जाते.’ मी सुस्कारा सोडतोय तोवर पुढे म्हणाले, ‘सब लोगां ऐसाच बोलते.’

सर ट्रे सावरून जरा जवळ आले. ‘हे बघ, मी तुला काही म्हणत नाही. पण प्रकटीकरणाचा शेवटचा अध्याय वाच. नव्या यरुशलेमात कुत्रे बाहेर राहणार असं स्पष्ट लिहिलंय.’

‘बाहेरच बांधतो सर. पोर्चमध्ये.’

‘पौलानं फिलिप्पैकरांना काय लिहिलं? कुत्र्यांविषयी सावध राहा.’

आता मीही रविवारच्या शाळेतून गेलोय. म्हटलं, ‘सर, पण ती कनानी बाई? मालकाच्या मेजावरून पडलेला चुरा कुत्रीसुद्धा खातात, असं ती म्हणाली, आणि प्रभूनं तिची बाजू घेतली.’

‘चुरा,’ सर म्हणाले. ‘चुरा लिहिलंय. पाव किलो कुठं लिहिलंय?’

मागे दोन गिऱ्हाईकं येऊन उभी राहिली. त्यातलं एक आमच्या गल्लीतलं. ते मोबाइलमध्ये बघायचं नाटक करत ऐकत होतं. सरांना श्रोते दिसले की तास लांबतो. त्यांनी अब्राहाम घेतला. उत्पत्ती 22, मोरिया डोंगर, पोराच्याच खांद्यावर लाकडं, आणि झुडपात शिंगं अडकलेला एडका. ‘बापानं पोटचा पोरगा द्यायची तयारी केली रे! आणि तुला चाळीस दिवस कोंबडी सुटेना?’ मी म्हणालो, सर, मी खातच नाहीये. ते म्हणाले, ‘रविवारी खाल्लंस तरी मी बोललो नसतो. बुधवार ते ईस्टर 46 दिवस होतात, त्यातले 6 रविवार मोजत नाहीत. पण शुक्रवारी? प्रभूच्या मरणाच्या वारी?’

मग दावीद आला. दुसरा शमुवेल, 24वा अध्याय. अरवना यबूसी आपलं खळं आणि बैल राजाला फुकट देत होता, तरी दावीदानं 50 शेकेल चांदी मोजली. म्हणाला, ज्याला मला काही मोल पडलं नाही ते मी देवाला वाहणार नाही. ‘फुकट सापडलेलं कुत्रं,’ सर बोट उचलून म्हणाले, ‘त्यात त्याग कसला?’

फुकट! कार्ड, लस, जंतांचं औषध, एक चार्जर, चर्चला जायचे काळे बूट (डावाच, पण उजव्याचं काय करू), आणि झोप. हे सगळं मला घशाशी आलं होतं. पण जे बोलायला हवं होतं ते रात्री अडीचला पोर्च पुसताना सुचलं. सरांची साखर डॉक्टरांनी कधीच बंद केलीय. मंडळीच्या चहात त्यांचा कप वेगळा असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी लेंटमध्ये साखर सोडली, आम्ही आमेन म्हणालो. आणि अंडी? ‘अंडं मांसात धरत नाहीत,’ हे त्यांनी न विचारता दोनदा सांगितलं.

एवढ्या वेळात पहाटेपासून पाण्याचा थेंब न घेतलेले चाचा, ओठ कोरडे पडलेले, मुकाट माझं बोनलेस तोडत होते. शेवटी म्हणाले, ‘साब, इफ्तार का वक्त हो रहा. पैसे दे दो, बाद में लडो.’

माझा राग तिथंच निवला असता. पण काल संध्याकाळी सर घरी आले. ‘सहज, प्रार्थनेला.’ प्रार्थनेआधी म्हणाले, ‘दाखव बरं.’ मी भात-चिकन कालवून बशी पिल्लापुढे ठेवली. पिल्लानं हुंगलं. माझ्याकडे पाहिलं. सरांकडे पाहिलं. आणि जाऊन पायपुसण्यावर झोपलं. तासाभरापूर्वीच त्याला दूध-पोळी मिळाली होती, हे मला नंतर कळलं. देणारीचं नाव मी घेत नाही, ती हात लावत नसते.

‘खात नाही की रे,’ सर हळू आवाजात म्हणाले. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. ‘होतं असं. शरीर दुर्बळ असतं.’ मग प्रार्थनेत ‘आमच्यातला एक अडखळलेला बंधू’ असा उल्लेख झाला. बायकोनं आमेन म्हटलं. मुलीनंही, पुस्तकातून डोकं न काढता.

फाटकाची कडी वाजली मात्र, बशी साफ. मी मोबाइल काढला, उरलेलं बशीत घातलं, पूर्ण व्हिडिओ घेतला आणि सरांना पाठवला. निळ्या खुणा आल्या. बराच वेळ ते काहीतरी टाइप करत होते. मग उत्तर आलं:

‘पाहिले. मागे दुसरे ताट कोणाचे?’

ते माझं होतं. पिठलं-भाकरी.